इंजनाले ताप आला, त्याची हकीकत

आदरणीय भाऊजी,

तुमच्या एकुलत्या एक साळीचा, म्हणजे रश्मीचा, जय भीम घ्या. ताईले द्या, तुमच्या आईले अंजनाबाईले द्या, आणि उरला तर शेजाऱ्यायले पण वाटा. मी इथी ठणठणीत आहो. तुमची साखर किती आली ते मात्र खरं खरं कळवा, कारण मागच्या खेपेले तुम्ही इथी आले तेव्हा चहा बिनसाखरेचा मागत होते आणि अन्नपूर्णाच्या घरच्या मोहाच्या लाडवांचा डब्बा मांडीवर घेऊन बसले होते. (अन्नपूर्णा म्हणजे आमच्या गावची आशाताई. तुमाले लाडू आठवत असतीन, बाई आठवत नसन, म्हणून सांगतलं.) पायाच्या टाचा रोज पाहत जा. भेगा पडल्या तर तेल लावा, ब्लेड लावू नका. हे नर्स म्हणून सांगून राह्यली. साळी म्हणून काय सांगाचं ते पुढं येते.

फोन सोडून पत्र काऊन लिहिलं, असं तुम्ही म्हणाल. एक तर इथी टॉवर लागत नाई. फोन कराचा म्हणजे टेकडीवरच्या टाकीपाशी जाऊन एका पायावर उभं राहा लागते, आणि पावसात ती टेकडी माणसाले वर कमी नेते, खाली जास्त आणते. दुसरं म्हणजे फोनवर तुम्ही मले बोलूच देत नाई. मी नुसतं 'इंजन' म्हटलं का तुम्ही फॅक्टरीतल्या लेथ मशीनवर जाता, आणि तिथून परत येईपर्यंत माझी बॅटरी संपते. पत्रात तुमाले मधी बोलता येत नाई. म्हणून बसा, चष्मा लावा, आणि शेवटपर्यंत वाचा. भाऊजी, मी एक गोष्ट पाह्यली. इतके वर्ष नोकरी केली, इतक्या नद्या-नाले ओलांडले, पण असं कधी पाह्यलं नव्हतं. तेव्हापासून मी सारखी त्याचाच विचार करून राह्यली, जेवताना घास तोंडाशी थांबते. पण ती गोष्ट सांगाची तर पहिले इंजनाची सांगा लागते, आणि इंजनाची सांगाची तर तुमची सांगा लागते.

बोटीचं उद्घाटन तुमाले आठवत असनच. नदीपलीकडच्या टोल्यांवर, म्हणजे रानातल्या लहान वस्त्यांवर, जाण्यासाठी आमच्या उपकेंद्राले मोटरबोट मंजूर झाली, ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसून गावात आली, आणि नेमके त्याच दिवशी तुम्ही ताईनं दिलेली लोणच्याची बरणी घेऊन एसटीतून उतरले. मुख्य पाहुणे नाल्यावरच्या रपट्यावरून पाणी होतं म्हणून तिकडंच अडकले. हार आणलेला, नारळ आणलेला, माणसं जमलेली. मग कोणीतरी म्हटलं का रश्मीबाईचे भाऊजी भद्रावतीच्या फॅक्टरीत फिटर आहेत, इंजनातलं त्यायले सारं समजते. झालं! हार तुमच्या गळ्यात. (तुम्ही 'नको नको' म्हटलं, पण मान पहिलेच खाली केली होती, ते मी पाह्यलं.) तुम्ही ट्रॉलीवर चढले, मोठ्या थाटात दोरी ओढली आणि इंजन सुरू झालं. नदी तिथून चांगली लांब होती आणि ट्रॉलीवर पाण्याचा थेंब नव्हता, पण ही गोष्ट कोणाच्या डोक्शात आली नाई. नव्या ट्रॅक्टरची पूजा होते तशीच त्याची झाली. टायर नाई तर लिंबू कुठी ठेवाचं यावर जरा चर्चा झाली, मग पाणी कापणाऱ्या पंख्याच्या पात्यावर ठेवा असं ठरलं, आणि तुम्ही गिअर टाकल्याबरोबर त्या लिंबाचं सरबत सरपंचाच्या नव्या शर्टावर गेलं. अन्नपूर्णा ओवाळत होती, बायका तांदूळ टाकत होत्या, आणि मधी सुकलूनं (सुकलू म्हणजे आमचा नावाडी, जन्म डोंग्यात, म्हणजे खोड कोरलेल्या होडीत, गेला त्याचा) हळूच विचारलं का भाऊ, आता बंद करू का? तेव्हा तुम्ही जे म्हटलं ते अख्ख्या गावाले पाठ आहे: "शुभ कामात इंजन बंद करत नसतात! चालू राहू दे!" मग ते चालू राह्यलं. आरती झाली तरी चालू, नारळ फुटला तरी चालू, तुमचं भाषण सुरू झालं तरी चालू. भाषण फॅक्टरीवर होतं, त्यामुळं ते लवकर आटोपाचं काही कारण नव्हतं. शेवटी शेवटी जळल्यासारखा वास आला तर तुम्ही नाक वर करून म्हटलं, नव्या इंजनाचा वास आहे, नवं आहे तोवर घेऊन घ्या. लोकायनं लायनीनं येऊन घेतला.

तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले आणि दुपारच्या गाडीनं आदेश नावाचा मेकॅनिक आला, आमाले बोट चालवणं शिकवाले. पोरगा मोठा गुणाचा, पण लाजरा. त्यानं सांगतलं का हे इंजन नदीतलंच पाणी खालच्या जाळीतून ओढून घेते, ते पाणी अंगातून फिरवते, त्यानं स्वतःले थंड ठेवते आणि मागच्या बारीक भोकातून बाहेर टाकते. भाऊजी, मी तर पाहतच राह्यली! माणसाच्या देहात जे चालते तेच या लोखंडात चालते म्हणजे काय! नदीत उभं राहाचं आणि नदीच पिऊन जगाचं. पुढं आदेश अडखळला. "मॅडम, मागून ते... ते जे पडते ना... ते पडत राह्यलं पाह्यजे," असं म्हणून तो जमिनीकडं पाहाले लागला. मी म्हटलं, "लघवी म्हण ना बाबा, मी दिवसभर लोकायले तेच विचारते." पोरगा कानापर्यंत लाल झाला. पण शब्द सगळ्यायले पटला. तेव्हापासून आमच्या गावात इंजनाची धार कोणी म्हणत नाई. निघाच्या पहिले सुकलू वाकून पाहते आणि ओरडून सांगते, "झाली बाई, झाली!" नवीन माणूस असला का तो बिचारा माझ्याकडंच पाहते.

मग आदेशनं सांगतलं, या इंजनाले कोरड्यात एक मिनिटही चालवाचं नाई. आत रबराची एक फिरकी राह्यते, तीच पाणी ओढते, आणि पाणी नसलं का ती जळते. भाऊजी, त्या क्षणी अख्खं गाव एकमेकाच्या तोंडाकडं पाहाले लागलं. सरपंचानं आपल्या शर्टावरच्या डागाकडं पाह्यलं. सुकलूनं आभाळाकडं पाह्यलं. बोललं मात्र कोणी नाई, कारण घरी आलेल्या पाहुण्याची चूक परक्यासमोर काढाची नाई, ही इथली रीत आहे. मी पण गप्प राह्यली. (मी रीतीमुळं नाई, लाजेमुळं.) बोट पाण्यात टाकली तेव्हा धार पडली. जरा बारीक पडली, पण आदेशची एसटी निघाची वेळ झाली होती आणि कोणीतरी म्हटलं का नव्याची पहिले पहिले बारीकच राह्यते.

आता मुद्द्यावर येते. पलीकडं कोसमटोला म्हणून एक टोला आहे. धानाच्या रोवणीच्या दिवसात तिथी गोवर निघाला. पहिला निघाला तो बुधरीच्या नातवाले. बुधरी म्हणजे त्या टोल्यातली म्हातारी, जिचं सारे ऐकतात आणि जिले कोणी ऐकवत नाई. पोरगा तापानं फणफणला, डोळे चिकटले, आंगभर पुरळ. बाकीच्या घरातही लहान लेकरं, आणि कित्येकायले लस नाई लागलेली, कारण पावसात त्या काठावर आम्ही पोचतच नाई. तुमाले माहीत नसन, पण गोवर एकदा टोल्यात शिरला का साऱ्या लेकरायतून फिरूनच निघते, आणि अशक्त लेकराले सोबत घेऊन जाते. बुधरी स्वतः डोंग्यातून माझ्याकडं आली. म्हणे, तू मंगळवारी ये, मी साऱ्यायले जमा करतो. (ती स्वतःले 'करतो' म्हणते, मराठी तिची दुसरी भाषा. मी कोण तिले दुरुस्त करणारी?) मी म्हटलं, येते. भाऊजी, रोवणीच्या दिवसात चिखलातून माणसाले बाहेर काढणं म्हणजे काय ते तुमाले फॅक्टरीच्या भोंग्यावर जगणाऱ्याले समजणार नाई. रोप उपटून ठेवलं का ते थांबत नाई. तरी बुधरी घरोघर फिरली आणि म्हणाली, मंगळवारी काम बंद ठेवा, बाई सुई घेऊन येते, नाई आली तर मले खोटारडी म्हणा. म्हणजे पाहा, मी नाई पोचली तर लस तर गेलीच, वरून म्हातारीचा शब्दही गेला. पुन्हा तिनं हाक मारली तर कोण आलं असतं?

मंगळवारी निघालो. मी, अन्नपूर्णा, सुकलू आणि लसीचा डब्बा. त्या डब्ब्यात बर्फाच्या पट्ट्या राह्यतात आणि मधी कुप्या. कुपीवर एक लहान चौकोन राह्यते, गरमी लागली का तो काळा पडते, आणि काळा पडला का लस फेकून द्या लागते. मी मनात म्हटलं, वा रे सरकारी नोकरी, मागं गरम इंजन, मांडीवर थंड डब्बा, आणि मधी मी. नदी भरून चालली होती. पलीकडच्या काठावर रंगीत ठिपके दिसत होते, त्या बाया होत्या, कोणी छत्री घेतलेली, कोणी पळसाच्या पानाचं इरलं डोक्यावर धरलेलं, आणि प्रत्येकीच्या कडेवर लेकरू. सुकलू म्हणाला, "झाली बाई." पण 'झाली बाई, झाली' असं दोनदा नाई म्हणाला. तिथंच मले समजाले पाह्यजे होतं.

बरोबर मधल्या धारेत इंजनानं पीं पीं कराले सुरुवात केली आणि आपोआप हळू झालं. सुकलूनं वरच्या टोपणाले हात लावला आणि झटक्यानं काढला. म्हणे, "बाई, तापला!" मी डब्बा अन्नपूर्णाकडं दिला आणि मागं सरकली. आता तुम्ही हसाल, हसा, पण मले इंजनातलं काहीच समजत नाई आणि रोग्यातलं समजते, म्हणून मी रोगी समजूनच पाह्यलं. ताप आहे. लघवी? वाकून पाह्यलं, बंद. एक थेंब नाई. ताप आणि लघवी बंद म्हटलं का आम्ही पहिले काय विचारतो? पाणी पोटात जाते का? सुकलूले म्हटलं, इंजन बंद कर, वर उचल, तोंड पाहू. उचललं तर खालच्या जाळीले कुरकुऱ्याची पन्नी आणि वाहून आलेलं गवत गच्च चिकटलेलं. (नदीच्या उगमापासून इथपर्यंत रान आहे, गाव दिसत नाई, पण कुरकुरे खाणारा कोणीतरी आहेच. या देशाची मले कमाल वाटते.) ते सारं मी बोटानं कोरून काढलं आणि एखाद्या लेकराच्या गळ्यातला चिंचोका काढल्यावर जसा आनंद होते तसा मले झाला. इंजन जरा निवू दिलं, खाली सोडलं, सुरू केलं. धार आली! अन्नपूर्णानं तर टाळी वाजवली. पण ती धार म्हणजे म्हाताऱ्या माणसाची, थेंब थेंब, थांबून थांबून. थोडं गेलो का पुन्हा पीं पीं. मग माझ्या डोक्शात उजेड पडला. तोंड साफ आहे तरी पाणी चढत नाई, म्हणजे आत जे ओढणारं आहे तेच गेलं. आणि मले, भाऊजी, तो वास आठवला. नवं आहे तोवर घेऊन घ्या.

सुकलू म्हणाला, "येर भेटून नाई राह्यला त्याले." येर म्हणजे त्यायच्या बोलीत पाणी. चहूकडं येरच येर, आभाळातून येर, नदीत येर, आणि इंजन तहानेनं मरून राह्यलं. मग त्याची नजर डब्ब्यावर गेली. म्हणे, "बाई, त्याच्यात बरफ हाय ना? इंजनाच्या डोक्शावर ठेवू." मी डब्बा घेतला, खाली ठेवला, आणि त्याच्यावर बसली. "सुकलू," मी म्हटलं, "मले नदीत टाक, पण या बर्फाले हात लावू नको." तो म्हणाला, तुमाले टाकून काय फायदा, तुमी काय थंड हाव? एवढ्या धारेत, एवढ्या संकटात अन्नपूर्णा खी खी करून हसाले लागली, आणि तिले पाहून मी पण. भीतीनं माणूस हसते हे मी वाचलं होतं, त्या दिवशी करून पाह्यलं. शेवटी असं ठरवलं का आजारी माणसाले चालवतात तसंच चालवाचं. चार पावलं, मग बसवाचं. इंजन निवलं का थोडं चालवाचं, पीं पीं झालं का बंद कराचं, आणि मधल्या वेळात सुकलूनं वल्हं माराचं. वल्ह्यानं मोटरबोट पुढं जात नाई, ती आडवी होते आणि तोंड फिरवून बसते. एवढं रुसणारं माणूसही मी कधी पाह्यलं नाई.

पण भाऊजी, इंजन बंद केलं का जे होत होतं ते तुमाले कसं सांगू? आवाज थांबला का एकदम नदी ऐकू येत होती. इतके वर्ष त्या नदीवरून गेली, तिचा आवाज कधी ऐकला नव्हता, डोंग्यात मी जीव मुठीत धरून बसते आणि मोटरबोटीत मोटरच ऐकू येते. तो खळखळाट नसते. मोठ्या पाण्याचा आवाज बारीक राह्यते, खाली कुठीतरी रेती सरकत राह्यते तसा, आणि तो बोटीच्या बुडातून आपल्या हाडात येते. दोन्ही काठाले रान, त्याच्यावर ढग टेकलेले, आणि मधी हे एवढं पाणी कोणाले काही न विचारता चाललेलं. मले भीती वाटली, खोटं कशाले सांगू? पण भीतीच्या वर आणखी काहीतरी वाटलं. हात जोडावेसे वाटले. जोडले नाई, कारण दोन्ही हातानं डब्बा धरला होता.

आणि मग मी काठाकडं पाह्यलं. आम्ही धारेसंग खाली खाली वाहून चाललो होतो, ठरलेल्या घाटापासून लांब. मले वाटलं, आता त्या बाया परत फिरतीन. रोवणी टाकून आल्या होत्या, बोट येत नाई हे दिसून राह्यलं होतं, कोण थांबते? पण ते ठिपके हलले, आणि मागं नाई गेले. ते काठाकाठानं चालाले लागले. आम्ही जिकडं वाहत होतो तिकडं, आमच्याच वेगानं. ओरडणं नाई, हात हलवणं नाई. कडेवर लेकरं, गुडघाभर चिखल, मधी नाला आला तर एकमेकीचा हात धरून पार, झुडूप आलं तर त्यातून वाट काढून. आम्ही थांबलो का त्या थांबत, आम्ही वाहलो का त्या चालत. लसीकरणाची तारीख ठरली होती, भाऊजी, जागा ठरली होती, पण ती जागाच आमच्यासंग चालून राह्यली होती! अन्नपूर्णानं हसणं बंद केलं. सुकलूनं एकदा पाह्यलं आणि मग वल्हं असं मारलं का मले वाटलं आता तुटते. मी रडली. नर्स माणूस सहसा रडत नाई, पण मी रडली, आणि पावसात ते कोणाले दिसलं नाई म्हणून बरं झालं.

पुढं नदीले वळण आहे. तिथी धार काठाजवळ जाते. सुकलू म्हणाला, बाई, आता एकदा चालवू, जगला तर जगला. इंजनाच्या पाठीवर हात ठेवून मी म्हटलं, बापा, एवढं कर. (तुमी हसू नका. तुमी लेथ मशीनशी बोलता हे ताईनं मले सांगतलं आहे.) ते सुरू झालं, पीं पीं करतच सुरू झालं, आणि सुकलूनं ते तसंच दामटलं. काठाजवळ आलो आणि ते धूर सोडून थांबलं, ते थांबलंच. मधी अजून बरंच पाणी. तेवढ्यात बुधरी पाण्यात उतरली. कमरेएवढ्या पाण्यात, हातात लांब बांबू, तिच्या मागं एक बाई, तिच्या मागं दुसरी, साऱ्यायनं एकमेकीचा हात पकडलेला, शेवटची बाई काठावरच्या झाडाले मिठी मारून. बांबू माझ्यापाशी आला. मी पकडला. म्हातारीनं मले, बोटीले, बोटीतल्या तहानलेल्या इंजनाले, साऱ्यायले ओढून घेतलं.

काठावर उतरल्यावर मी पहिले डब्बा उघडला. बर्फ अजून होता. चौकोन पांढरे होते. एका सपाट दगडावर मी सारं मांडलं, अन्नपूर्णानं छत्री धरली, आणि त्या ठिकाणी, जिथी रस्ता नाई, शाळा नाई, नकाशात नाव नाई, तिथी आम्ही लस टोचली. एकाही आईनं लेकरू मागं ओढलं नाई. लेकरं मात्र चांगली बोंबलली, ते ऐकून मले बरं वाटलं, आवाजात जोर होता. बुधरीचा नातू मामाच्या खांद्यावर आला होता. त्याले लस देता येत नव्हती, पण मी त्याले 'अ' जीवनसत्त्वाचा डोस पाजला, डोळे पुसले, ताप पाह्यला. उतारावर होता. बुधरीनं मले विचारलं, "हे सुई दुसरी डाव लागते म्हणे. तू येशीन ना?" मी अंगाले चिखल लागलेली, पदर पिळत होती, आणि समोर साऱ्या बाया उभ्या. मी म्हटलं, येईन. तिनं तिच्या बोलीत मागं वळून सांगतलं आणि त्या बायायनं माना डोलावल्या, जसं काही ठरून गेलं.

परतीची गोष्ट लांबवत नाई. आमची नवीकोरी मोटरबोट बुधरीच्या मुलाच्या डोंग्याले मागून बांधली आणि झाडाच्या एका कोरलेल्या खोडानं तिले काठाकाठानं वर चढवून मग आमच्या गावाले आणलं. सुकलू डोंग्यात बसला, बोटीत बसला नाई, म्हणे लाज वाटते. मग आदेशले बोलावलं. त्यानं इंजनाची खालची तंगडी उघडली आणि ती रबराची फिरकी तळहातावर ठेवली. पाकळ्या सगळ्या झडून गेलेल्या, उरलेलं जळून काळं. तो म्हणाला, "हे कोरड्यात कोणी चालवलं?" पुन्हा अख्खं गाव आभाळाकडं पाहाले लागलं. सरपंच म्हणाले, यंदा पाऊस चांगला आहे. भाऊजी, तुमच्यासाठी एवढे लोक गप्प राह्यले, एवढी इज्जत तुमाले फॅक्टरीत तरी आहे का?

कोसमटोल्यात त्यानंतर नवीन गोवर निघाला नाई. बुधरीचा नातू रोवणीच्या बांधावर पळून राह्यला, असं डोंग्यातून येणारे सांगतात. बाकी इकडची खुशाली हीच. ताईचं लोणचं संपलं, अर्धं तुम्हीच खाल्लं होतं. ताईले म्हणा, जास्त काळजी करू नको. तुमच्या आईले नमस्कार. पत्र पोचल्याचं कळवा, आणि कळवताना लेथ मशीनबद्दल लिहू नका.

तुमची साळी,
रश्मी

ता. क. १ : आदेश म्हणते का फिरकी वरून मागवा लागन आणि ती यायले वेळ लागन. तुमची ओळख मोठी आहे. नागपूर म्हणा, चंद्रपूर म्हणा, कुठूनही या इंजनाची फिरकी शोधा. एक लावाले आणि एक ठेवाले. घेऊन स्वतःच या. तुमी फिटर आहात यावर माझा अजून विश्वास आहे. फक्त पाण्यात लावा, पाण्यात सुरू करा, आणि भाषण काठावर करा.

ता. क. २ : हे सारं लिहिलं ते मुख्य कामासाठी. तुम्ही माझी बदली भद्रावतीकडं करून घ्याले कोण्या साहेबाच्या घरी चकरा मारून राह्यले, हे मले ताईनं सांगतलं. मीच तुमाले तीन पावसाळे त्यासाठी रडून रडून सांगतलं होतं, हेही खरं. आता थांबवा. साहेबाले सांगा, पोरीचं डोकं फिरलं. नाई थांबवलं तर लक्षात ठेवा, उद्घाटनाचा अख्खा व्हिडिओ अन्नपूर्णाच्या फोनमधी आहे. इंजनाच्या आवाजासकट, शुभ कामाच्या वाक्यासकट, जळक्या वासाच्या कौतुकासकट. ताई सांगत होती का तुम्ही कॉलनीत 'माझ्याच हातानं गडचिरोलीत बोट सुरू झाली' असं सांगून राह्यले. तो व्हिडिओ ताईले पाठवाले मले टेकडीवर एकच चक्कर मारा लागते.

ता. क. ३ : पत्र चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. व्हिडिओ नाई आहे. अन्नपूर्णाचा फोन त्या मंगळवारी नदीतच पडला. ताईले सांगण्यासारखं माझ्यापाशी काही नाई आणि असतं तरी सांगतलं नसतं. धमकी द्यायले हातात काहीच उरलं नाई म्हणून साधं मागून राह्यली. बदली थांबवा, भाऊजी. मी बुधरीले येईन म्हटलं आहे.